रिकॉलचा मेसेज जुन्या मालकाला आला, इंजिनला आग लागू शकते म्हणे. गाडी चालवू का उभी ठेवू?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी, जरा टेन्शन आहे म्हणून लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी सेकंड हँड गाडी घेतली, जळगावच्या एका काकांकडून. २०२१ चं मॉडेल, टर्बो पेट्रोल. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण टाकलं की इथे फॅन मंडळी आणि शिव्या घालणारी मंडळी दोन्ही गोळा होतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. गाडी चांगली आहे, आरसी माझ्या नावावर झालीये, रोज फाट्यावरून सिन्नर एमआयडीसी जाऊन-येऊन, आजपर्यंत काही कुरकुर नाही. परवा त्या काकांचा व्हॉट्सॲप आला, "बेटा हा मेसेज मला आलाय, गाडी तुझ्याकडे आहे तर तू बघून घे." मेसेजमध्ये असं की इंजिनमधल्या हाय प्रेशर फ्युएल पाइपच्या जोडातून पेट्रोल झिरपू शकतं, क्वचित आग लागू शकते, सर्व्हिस सेंटरला भेट द्या, दुरुस्ती मोफत, आणि खाली लिंक. मला आधी वाटलं फ्रॉडच आहे, हल्ली लिंकवर बोट ठेवायची पण भीती वाटते. मग लिंक सोडून थेट कंपनीच्या वेबसाइटवर गेलो, चासी नंबर टाकला, तर खरंच माझी गाडी त्या यादीत.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणे "सर पार्ट आलेला नाही, आला की कॉल करू." मी म्हणलं तोपर्यंत गाडी चालवू का? तर म्हणे "चालवा ना सर, काही होत नाही." मग एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि म्हणतो ही बाहेरून केलेली वायरिंग आहे (जुन्या मालकाने मोठा हॉर्न आणि फॉग लॅम्प बसवलेत), ही काढून आणा नाहीतर रिकॉलमध्ये बसणार नाही. आता हे कुठून आलं?

रविवारी आई-बाबांना आणि पोरांना घेऊन वणीला जायचं ठरलंय. गडाचा चढ, गाडी भरलेली, आणि डोक्यात हे. त्यात घरी बायकोला सांगितलं, तिने सेक्रेटरींच्या मिसेसना सांगितलं, आणि रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "आग लागणारी गाडी स्टिल्टमध्ये लावू नये." स्टिल्ट म्हणजे आमचं बिल्डिंगखालचं पार्किंग, तिथे माझा स्लॉट नेमका मीटर बोर्डाला लागून आहे. मला राग आला, पण त्यांचं चुकतंय का तेच कळत नाहीये.

तर गाडी चालवू का नको, बिल्डिंगखाली लावू का नको, बाहेरच्या वायरिंगमुळे ते खरंच नाही म्हणू शकतात का, आणि उद्या खरंच पेटली तर इन्शुरन्स मिळेल का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा प्लीज.

कॉलेज_रोड_क्रूझर

भावा एवढं काय घाबरतो. सगळ्या कंपन्या मेसेज पाठवतात, त्यांना गाडी सर्व्हिसला आणायची असते, मग तिथे ब्रेक पॅड गेले, कूलंट बदला, पाच-सात हजाराचं बिल हातात. आमच्या घरी १५ वर्षं एकच गाडी होती, कधी रिकॉल नाही का फिकॉल नाही. वणीला जा बिनधास्त, देवी बघून घेईल.

अंबड_क्यूसी

वरच्या भाऊंचं वाचून राहवलं नाही. मी अंबडला एका व्हेंडरकडे क्वालिटीला आहे, गाड्यांचे पार्टच बनवतो, त्यामुळे रिकॉल होतो कसा हे आतून माहितीये.

रिकॉल म्हणजे सगळी मॉडेलं खराब असं नसतं. एखाद्या लॉटमध्ये गडबड निघते, टॉर्क कमी बसला (म्हणजे बोल्ट कमी आवळला गेला), मटेरियल वेगळं आलं, पाइप वाकवताना बारीक चीर पडली, असं काहीही. मग तो लॉट कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लाइनवर लागला ते काढतात आणि तेवढ्या चासी नंबरांना बोलावतात. म्हणून तर सारख्याच मॉडेलच्या शेजाऱ्याला मेसेज येत नाही आणि तुला येतो. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या, २०२१ मध्ये महिंद्राने इथल्या प्लँटमध्ये २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या साधारण ६०० डिझेल गाड्या तपासायला घेतल्या होत्या, कारण काय तर एका दिवशी प्लँटला आलेलं इंधनच भेसळीचं असल्याचा संशय, त्याने इंजिनचे पार्ट लवकर झिजतील म्हणून. बारा दिवसांचं प्रॉडक्शन. एवढं नेमकं असतं ते.

आणि "आमच्या वेळी रिकॉल नव्हते" याचा अर्थ गाड्या चांगल्या होत्या असा नाही ना भाऊ, सांगायची पद्धतच नव्हती. आपल्याकडे कंपन्यांनी स्वतःहून रिकॉल जाहीर करायची पद्धत सियामने (गाडी कंपन्यांची संघटना) जुलै २०१२ पासून घालून दिली, ती पण ऐच्छिक. त्याआधी कोणी केलं तर केलं. मारुतीने फेब्रुवारी २०१० मध्ये एक लाख ए-स्टार बोलावल्या होत्या, पेट्रोल गळण्याची शक्यता म्हणून. त्याच वर्षी नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा टाटाने फुकटात जादा संरक्षण बसवून दिलं पण याला रिकॉल म्हणू नका असं सांगितलं. आता काय म्हणायचं त्याला.

पाथर्डी दादा, तुझा फॉल्ट हलका समजू नको. टर्बो पेट्रोलला जर डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणारं) असेल तर त्या पाइपमध्ये इंजिन चालू असताना २०० बार किंवा त्याच्याही वर प्रेशर असतं. तुझ्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं, यावरून अंदाज कर. तिथून गळती झाली तर थेंब पडत नाही, बारीक फवारा उडतो, आणि दोन वितीवर टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेकडो डिग्रीला तापलेले. चढावर भरलेली गाडी म्हणजे प्रेशर आणि उष्णता दोन्ही कमाल पातळीला. मी असतो तर वणीला ती गाडी नेली नसती.

गॅरेज_द्वारका

क्यूसी साहेब बरोबर. मी गॅरेजवाला, वीस-बावीस वर्षं हेच करतोय, इंजिन बे मध्ये जळलेल्या गाड्या दोरीने ओढत आणलेल्या बघितल्यात. आता कामाचं सांगतो.

सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट करायच्या आधी बॉनेट उघडायचं आणि नाक लावायचं. पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारायचाच नाही. थंड इंजिनला पेट्रोलचा वास येणं हे नॉर्मल नाही, कोणी काही सांगू दे. मग टॉर्च मारून पाइपचे जोड बघायचे. पेट्रोल उडून जातं पण खूण ठेवून जातं, जिथे गळतं तिथे धूळ धुऊन जाऊन धातू स्वच्छ दिसतो, नाहीतर काळपट ओला डाग. ऑइल गळत असेल तर उलट, तिथे धूळ चिकटून चिखलासारखा थर होतो. स्वतः पाना घेऊन तो जोड आवळायला जाऊ नका हां, हाय प्रेशरच्या लाइनला हात लावायचं काम नाही ते, बंद गाडीत पण प्रेशर साठून असतं.

आता तुमच्या हॉर्न आणि फॉग लॅम्पबद्दल. सर्व्हिसवाला बोलला ते टाळायला बोलला असेल, पण भाऊ ती वायरिंग मी बघितली असती तर मी पण काढायलाच सांगितली असती. बाजारात काय करतात, रिले नाही, फ्यूज नाही, डायरेक बॅटरीच्या प्लसवरून वायर काढायची, बॉनेटच्या बिजागरीजवळून न्यायची आणि काळी टेप गुंडाळायची. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, वायर पत्र्यावर घासते, एक दिवस तांब्याची तार पत्र्याला टेकली की खेळ खलास, फ्यूजच नाही तर करंट तोडणार कोण. तुमच्याकडे कंपनीमुळे पेट्रोल गळायची शक्यता आणि जुन्या मालकामुळे ठिणगी पडायची शक्यता, दोन्ही एकाच बॉनेटखाली आलेत. रिकॉल होईल तेव्हा होईल, ही वायरिंग आजच्या आज काढून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि उंदीर! पाथर्डी फाट्याकडे अजून मोकळे प्लॉट आहेत, तिकडच्या गाड्यांमध्ये हमखास उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि बॅटरीखाली वाळकं गवत सापडतं. ते पण बघा.

कॉलेज_रोड_क्रूझर

बरं बाबा तुम्ही सगळे एक्स्पर्ट. पण मग सोपा मार्ग सांगतो, विकून टाक. मेसेज जुन्या मालकाला आलाय, तुला अधिकृत काही आलेलंच नाही, गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे. एक्स्चेंजला टाक आणि मोकळा हो.

विमावाली_ताई

म्हणजे पुढच्याच्या पोरांनी बसायचं त्यात? काहीही सल्ले देता हो. आणि कळत नाही कसं, चासी नंबर टाकला की वेबसाइटवर दिसतं, हल्ली जुनी गाडी घेणारे ते बघूनच येतात.

पाथर्डी_फाटा, इन्शुरन्सचं मी सांगते, बरीच वर्षं मोटर क्लेम हाताळलेत. तुमची पॉलिसी जर फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःची गाडी जळाली तर एक रुपया मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर आग, स्फोट, आपोआप पेट घेणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात येतं. गाडी उभ्या-उभ्या पेटली तरी येतं. फक्त जो पार्ट मुळात बिघडला त्याची किंमत मेकॅनिकल बिघाड म्हणून कापायला बघतात, त्यावरून वाद होतात.

पण पॉलिसीत एक अट असते जी कोणी वाचत नाही, की गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी आणि नुकसान टाळण्यासाठी मालकाने योग्य ती काळजी घेतली पाहिजे. उद्या सर्व्हेअरला कळलं की रिकॉल आहे, मालकाला माहीत होतं, आणि वर बॅटरीवरून फ्यूज नसलेली वायर घेतलेली आहे, तर तो रिपोर्टमध्ये लिहिणारच. क्लेम नाकारतीलच असं नाही म्हणत मी, पण चकरा मारायला लावायला एवढं कारण पुरतं. म्हणून तुम्ही सर्व्हिस सेंटरला गेला होता आणि त्यांनी पार्ट नाही म्हणून परत पाठवलं याचा कागद तुमच्याकडे हवा. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. घरी बसून आजच त्यांना ईमेल टाका, गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटर, कोणत्या तारखेला आलो होतो, काय सांगितलं, आणि सरळ प्रश्न विचारा की पार्ट येईपर्यंत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का ते लेखी कळवा. कंपनीच्या कस्टमर केअरला पण त्याची कॉपी. काउंटरवर "चालवा ना सर" म्हणणं सोपं असतं, ईमेलवर लिहून द्यायची वेळ आली की वरच्या साहेबाला विचारतात आणि मग पार्ट पण लवकर सापडतो.

पाथर्डी_फाटा

बापरे, एवढी उत्तरं. ताई, पॅकेज पॉलिसी आहे, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) पण आहे असं काका म्हणाले होते. ईमेल आत्ताच लिहायला घेतो. द्वारकावाले भाऊ, उद्या ऑफिसला सुट्टी टाकून वायरिंग काढायला येतो तुमच्याकडेच, पत्ता मेसेज करा. पण सोसायटीचं काय ते कोणी बोललंच नाही.

इंदिरानगर_सेक्रेटरी

सोसायटीचं मी बोलतो, कारण मी त्या बाजूला बसलेला माणूस आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये पण स्टिल्ट पार्किंग आहे आणि ग्रुपवर मेसेज टाकायचं पाप मीच करतो.

तुमच्या सेक्रेटरींनी मेसेज ज्या भाषेत टाकला ती भाषा चूक, आधी घरी येऊन बोलायला हवं होतं. पण मागणी चूक नाही. स्टिल्टमध्ये गाडी पेटली की धूर जिन्याने वर जातो आणि वरच्या माणसांना खाली यायचा रस्ता तोच असतो. त्यात तुमचा स्लॉट मीटर बोर्डाला लागून. हे मी मनाचं सांगत नाही, बाहेरच्या देशात कंपन्या स्वतःच सांगतात. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून जवळपास ३४ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला, त्यात एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) मॉड्यूलमध्ये ब्रेक फ्लुइड आत गळून शॉर्ट सर्किट होण्याचा धोका होता, आणि मालकांना स्पष्ट सांगितलं होतं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, घर आणि इमारतींपासून लांब लावा. तसल्या फॉल्टमध्ये किल्ली काढून घेतलेली गाडी पण पेटू शकते कारण काही सर्किटला बॅटरीचा सप्लाय कायम चालूच असतो. २०१८ ला दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटायला लागल्या, ईजीआर कूलरमधून (एक्झॉस्टचा गॅस थंड करणारा भाग) कूलंट गळत होतं, तर तिथल्या काही पार्किंगवाल्यांनी बीएमडब्ल्यू आत घेणंच बंद केलं आणि शेवटी सरकारने तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणायलाच मनाई केली.

तुमचा फॉल्ट पेट्रोल झिरपण्याचा आहे, म्हणजे धोका मुख्यतः इंजिन चालू असताना आणि गाडी येऊन उभी केल्यावर पहिला थोडा वेळ, इंजिन तापलेलं असतं तोपर्यंत. तरी पण मी म्हणेन बाहेर लावा. आणि बाहेर म्हणजे वाळलेल्या गवतावर नाही बरं का, गाडीखालचा एक्झॉस्ट तापलेला असतो, गवत त्यानेच पेटेल. झाडाखालचा पाचोळा पण नको.

तुमच्या सेक्रेटरींना म्हणावं, ठीक आहे, मी गाडी बाहेर लावतो, पण गेटच्या कॅमेऱ्यात येईल अशी जागा द्या आणि माझा स्लॉट दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि जमलं तर पार्किंगमधली फायर एक्स्टिंग्विशरं कधी भरलीत ते पण विचारा. बहुतेक सोसायट्यांमध्ये त्यांच्यावरची तारीख बघितली तर सेक्रेटरी आपणहून विषय बदलतो. मी पण बदलायचो.

अंबड_क्यूसी

हे एक नंबर.

एक ॲड करतो. पार्ट बसवून देणार आहेत की नुसतं तपासून पाठवणार आहेत ते आधी विचार. रिकॉल म्हणजे दर वेळी नवीन पार्ट असं नसतं. फोर्डचं बघ, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये १.५ लिटर इंजिनच्या एस्केप आणि ब्रोंको स्पोर्ट मिळून पाच लाखांवर गाड्या बोलावल्या, फ्युएल इंजेक्टरला चीर जाऊन पेट्रोल गरम भागावर जाण्याचा धोका. पण इंजेक्टर सरसकट बदलले नाहीत, सॉफ्टवेअर टाकलं की प्रेशर पडलं तर कळावं, आणि सांडलेलं पेट्रोल गरम भागापासून लांब वाहून जावं म्हणून एक नळी बसवली. लोक तेव्हाच ओरडले होते. नंतर २०२५ मध्ये त्याच इंजेक्टरच्या कारणासाठी जवळपास सात लाख गाड्यांचा परत रिकॉल निघाला. म्हणून जॉब कार्डवर रिकॉलचा कोड, कोणता पार्ट बदलला त्याचा नंबर, आणि काम पूर्ण असा शेरा, हे सगळं घेऊनच बाहेर पड. नुसतं "चेक्ड ओके" लिहिलं असेल तर काय चेक केलं ते तिथेच उभं राहून विचार.

बाहेरच्या वायरिंगवरून रिकॉल नाकारणं मला पटत नाही. वॉरंटी क्लेम असता तर गोष्ट वेगळी, वायरिंगला छेडछाड केली म्हणून इलेक्ट्रिकलची वॉरंटी उडवतात. पण रिकॉल कंपनीच्या स्वतःच्या फॉल्टसाठी आहे, फ्युएल पाइपचा आणि हॉर्नचा संबंध काय. वॉरंटी संपलेली असली, गाडी तिसऱ्या मालकाकडे असली, तरी रिकॉल त्या चासी नंबरचा असतो. तू वायरिंग काढणारच आहेस तर भांडण मिटलं, पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

नाशिकरोडचा_वकील

कायद्याचं थोडक्यात, कोर्टातून आत्ता आलोय.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. आता केंद्र सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातो. हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे, तुमची २०२१ ची आहे म्हणजे बसते. कुठलाही मालक वाहन पोर्टलवर सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवू शकतो, ठरावीक संख्येच्या वर तक्रारी गेल्या की चौकशी लागते. आपली लोकं फेसबुकवर कंपनीला शिव्या घालतात आणि तिथे तक्रार कोणी टाकत नाही.

सर्व्हिस सेंटर टाळाटाळच करत बसलं तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन, पुष्कळदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आपल्या नाशकात आहेच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनामुळे नुकसान झालं तर कंपनीची जबाबदारी यावर वेगळं प्रकरणच आहे. दोन वर्षांच्या आत दावा टाकावा लागतो. पण यातलं काही करायला लागू नये असं वाटत असेल तर ताईंनी सांगितलेला ईमेल. माझी अर्धी फी त्या ईमेलात वाचते तुमची.

गॅरेज_द्वारका

पत्ता टाकलाय मेसेजमध्ये, दहाच्या आत या, नंतर सर्कलला ट्रॅफिकमध्येच दुपार होईल.

आणि एक राहिलं, सगळ्यांनीच ऐका. गाडीत एक किलोचा एबीसी पावडरवाला एक्स्टिंग्विशर ठेवा, डिक्कीत सामानाखाली नाही, ड्रायव्हरच्या हाताला येईल असा. घेताना काटा हिरव्यात आहे का बघायचं. चालताना जळका वास आला, बॉनेटच्या फटीतून धूर दिसला, तर बाजूला घ्या, इंजिन बंद, सगळे खाली, पोरं आधी, आणि ट्रॅफिकच्या बाजूला नाही तर रस्त्याच्या कडेला लांब. बॉनेट पूर्ण उघडायचा नाही! हवा मिळाली की भडका थेट तोंडावर येतो. आतून खटका ओढला तर ओढा, फटीतून पावडर मारा, एका दमात विझली नाही तर सोडून द्या आणि मागे व्हा. सामान काढायला परत जायचं नाही. १०१ किंवा ११२ लावा. शहरात असलात तर शिंगाडा तलावावरून बंब येतो, पण मोहदरी घाटात किंवा गडाच्या वाटेवर असलात तर बंब यायला वेळ लागणार हे धरूनच चाला.

सेंट्रल लॉक जळून अडकतात ते पण खरं आहे, वायरिंग गेली की खिडक्या खाली येत नाहीत. काच फोडायचा छोटा हातोडा मिळतो, स्वस्त असतो, घेऊन ठेवा.

पाथर्डी_फाटा

अपडेट देतो. वायरिंग काढली. द्वारकावाल्या भाऊंनी दाखवलं, बॅटरीच्या मागे एका ठिकाणी टेप वितळून वायरीचं वरचं कव्हर पार कडक होऊन तडकलं होतं, हात लावला की तुकडे पडत होते. फोटो काढून जळगावच्या काकांना पाठवला, ते म्हणे "अरे तो तर बाजारातला सगळ्यात चांगला माणूस होता." पेट्रोलचा वास किंवा डाग काही नाही सापडला, जोड कोरडा आहे.

ईमेल टाकला त्यांना, तर संध्याकाळी तिथल्या मॅनेजरचा स्वतःहून फोन. पार्ट पुढच्या आठवड्यात येतोय, तोवर शक्यतो गाडी वापरू नका, असं त्यांनी ईमेलवर लिहून पण दिलं. काउंटरवर हेच विचारलं तेव्हा काही होत नाही म्हणत होते, आता बघा. मी उलटा ईमेल टाकला की मग तोपर्यंत दुसरी गाडी द्या नाहीतर येण्या-जाण्याचा खर्च द्या, त्यावर अजून शांतता आहे. सिन्नरला तोवर कंपनीच्या बसने जातोय, बसमध्ये झोप मस्त होते ते वेगळं.

वणीला एसटीने जायचं ठरलंय सीबीएसवरून, आई खूश आहे कारण अर्धं तिकीट. गाडी गेटबाहेर लावलीये कॅमेऱ्यात येईल अशी, सेक्रेटरींशी बोललो, चहा झाला. एक्स्टिंग्विशरचं विचारलं तर म्हणे पुढच्या मीटिंगला घेऊ.

कॉलेज_रोड_क्रूझर

मी पण सहज म्हणून माझ्या गाडीचा चासी नंबर टाकून बघितला. फ्युएल पंपचा निघाला एक. हसू नका कोणी. कुठल्या सर्व्हिस सेंटरला गर्दी कमी असते सांगा.

अंबड_क्यूसी

हसत नाही भाऊ. फ्युएल पंपचे रिकॉल आपल्याकडे ढिगाने झालेत, मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या होत्या, होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्वद हजारांवर. त्यात मुख्य भीती गाडी चालता-चालता बंद पडण्याची असते, पण हायवेवर ट्रकच्या पुढे बंद पडली तर ते पण काही कमी नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा, शनिवारी अजिबात नको.

विमावाली_ताई

पाथर्डी_फाटा, एक गोष्ट खटकली म्हणून परत आले. तुम्ही म्हणालात "झिरो डेप आहे असं काका म्हणाले होते". म्हणजे पॉलिसी अजून काकांच्याच नावावर आहे का? आरसी तुमच्या नावावर झाली तरी पॉलिसी आपोआप होत नाही हो. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नवीन मालकाकडे येतो, पण ओन डॅमेज, म्हणजे आगीचा जो भाग तुम्ही विचारताय तोच, त्यासाठी गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. दिवाळीच्या आधी गाडी घेतलीत म्हणजे ती मुदत केव्हाच गेली. तरी घाबरू नका, आता पण होतं, बहुतेक गाडीची पाहणी करून मग एंडॉर्समेंट (पॉलिसीत नाव बदलल्याची नोंद) देतील, थोडी फी आणि नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचा) फरक भरावा लागेल. बरं झालं ती वायरिंग आधीच काढलीत, पाहणीला दिसली असती. पॉलिसीचं पहिलं पान उघडून नाव बघा आणि इथे टाका, मग पुढचं सांगते.

पाथर्डी_फाटा

ताई बघितलं. काकांचंच नाव आहे. पॉलिसी ऑगस्टपर्यंत आहे. उद्या बसमधूनच विमा कंपनीला फोन लावतो, काय काय कागद लागतील ते सांगून ठेवा. आरसीची कॉपी आणि गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आहेत माझ्याकडे, काकांची सही अजून कशावर लागेल का?

विमावाली_ताई

जुनी पॉलिसी, नवीन आरसी, तुमचं केवायसी, प्रपोजल फॉर्म, आणि काकांचं नो क्लेम बोनसबद्दलचं एक संमतीपत्र. तेवढ्यासाठी जळगावला जाऊ नका, आधी विचारा स्कॅन चालतं का, बहुतेक ठिकाणी चालतं. आणि पाहणीला गाडी विमा कंपनीच्या ऑफिसला चालवत नेऊ नका, त्यांच्या माणसाला घरी बोलवा.